कालची माती

"काहीही कर केझाया, पण मला ग्लॉस्टरच्या मातीत झोपवू नकोस!"

शेवटच्या आजारात म्हाताऱ्या अ‍ॅम्ब्रोझचं बायकोकडे हे एकच मागणं. केझायानं शब्द दिला आणि मनात म्हणाली, हे काय मोठं! चहूकडे ग्लॉस्टर जिल्हा असला तरी त्यांचं इवलंसं गाव होतं वूस्टर जिल्ह्याचं, परक्याच्या ताटात उडालेल्या वाटाण्यासारखं. आणि चर्चचं कबरस्तान तर परसाला लागून!

अ‍ॅम्ब्रोझ सोमवारी गेला. नेमकं बुधवारपासून गाव ग्लॉस्टरला जोडलं जाणार होतं. सरकारी हुकूम!

"मंगळवारी दुपारीच आटपू," केझाया म्हणाली.

मंगळवारी सकाळीच कबरी खणणाऱ्या जेथ्रोनं खड्डा खणला. केझाया नेमाप्रमाणे डोळे मिटून स्तोत्र म्हणायला बसली. डोळे उघडते तो शवपेटी गायब!

धाकट्या दिरानं, रूबेननं, ती गाडीवर घालून पळवली होती! उद्या ग्लॉस्टरची होणारी जागा कसली वूस्टरची, म्हणून तो भावाला घेऊन पार पलीकडे, वूस्टरच्या मुख्य मुलखात पोचला. तिथले पाद्री म्हणाले, "हा आमच्या गावचा नव्हे. परत न्या." परतताना चाक निखळलं, तेही ऐन ग्लॉस्टरच्या हद्दीत! बिचारा अ‍ॅम्ब्रोझ तिन्हीसांजेपर्यंत तिथंच, सलगमाच्या शेतात, पावसात.

"वहिनी, चांगल्यासाठीच केलं हो!"

"भाऊजी, तुमच्या चांगुलपणापायी माझा शब्द बुडाला."

गावच्या पाद्रीबाबांनी आभाळाकडे पाहिलं. "अंधारलं. आता उद्याच."

बुधवार उजाडला. ग्लॉस्टरचा! केझायानं आधी स्तोत्र पुरं केलं, मग खड्ड्याशी गेली. रूबेन नाक ओढत मागोमाग. जेथ्रो मातीच्या ढिगाला टेकून उभा होता.

"जेथ्रो, ही माती केव्हा काढलीस?"

"कालच की, काकू."

"म्हणजे वूस्टरची!"

रूबेनचा चेहरा उजळला. "वा वहिनी! दादाच्या अंगावर वूस्टरचंच पांघरूण!"

"पांघरूण ठीक," जेथ्रो पुटपुटला, "पण अंथरूण ग्लॉस्टरचंच ना?"

शिवाय अ‍ॅम्ब्रोझ जन्मभर पांघरूण लाथाडूनच झोपला होता, हे केझायापेक्षा जास्त कुणाला ठाऊक!

तिनं काळ्या झग्याचा घोळ खोचला, ढिगातली कालची ओली माती टोपलीत भरली, आणि शिडीवरून खड्ड्यात उतरू लागली.