गेणभाऊंचा काळा-पांढरा फोटो

"डिजिटल शिष्टाचार एका तासात शिकवून दाखवते!" रुबिना आतार बाईंनी शनिवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. बाई भौतिकशास्त्राच्या पदवीधर. शंका आली तर त्या मोजून बघायच्या, आणि या वेळी शंकाच आली नव्हती.

नियम पाचच. फोटो टाकण्याआधी परवानगी. मजकूर मोजका. फाईल हलकी, कारण आणे पठारावरचं नेटवर्क म्हणजे उन्हाळ्यातला नळ! उत्तरादाखल एकच सभ्य खूण. आणि चूक झाली तर लगेच दुरुस्ती.

प्रात्यक्षिकासाठी निवडले गेणभाऊ. शिपाई म्हणून निवृत्त झाले तरी ते रोज शाळेत यायचे, कारण घरी बोलायला कोणी नव्हतं.

"फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकू?"

"टाका की बाई! रामनाथला बी दिसंल कुठनं तरी."

रामनाथ हा त्यांचा मुलगा, चाकणला कंपनीत. तीन वर्षं घरी फिरकला नव्हता.

शाळा सुटल्यावर बाईंनी फोटो काळा-पांढरा केला. आकार तब्बल अठरा टक्क्यांनी घटला! खाली मोजका मजकूर: 'गेणभाऊ. चाळीस वर्षं शाळेची सेवा केली.' गृहपाठ म्हणून सातवीच्या बत्तीस मुलांनी घरच्या फोनवरून एकेक जोडलेले हात पाठवले. सगळे नियम काटेकोर पाळले गेले.

मग ते फोन आईबापांच्या हातात गेले. काळा-पांढरा फोटो, 'सेवा केली', आणि खाली बत्तीस नमस्कार. गावाला आणखी काय पुरावा हवा! गावाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा धो धो पाऊस सुरू झाला.

बाई धापा टाकत गेणभाऊंच्या ओट्यावर पोचल्या, तेव्हा गावातले धर्माजी हार घेऊन उभे होते.

"ह्ये काय राव! तुमी तर बसलाय!"

"मंग काय उभा राहू?"

"न्हाई, पर हार आणला व्हता. आता ह्याचं काय करू?"

"घाला की गळ्यात. खरंच मेल्यावर कुठं कळनार व्हतं मला, कोन आलं न् कोन न्हाई!"

धर्माजींनी हार घातला आणि जरा नाराज होऊनच गेले.

बाईंनी फोन काढला. "खुलासा टाकते आत्ता."

गेणभाऊंनी त्यांचा हातच धरला. "थांबा बाई! रामनाथनं ग्रुपवर लिव्हलंय, निघालोय म्हून. शेजारणीनं वाचून दाखवलं. तीन वर्षांत पयल्यांदा निघालाय!"

"अहो, पण हे खोटं आहे."

"टाकलं कुनी?"

"मी खरं तेच टाकलं होतं! लोकांनी चुकीचं वाचलं."

"मंग वाचू द्या की आनखी तासभर. दारात आला की मी सांगतो त्याला. लई तर काय, शिव्या घालंल."

बाईंना पाचवा नियम टोचत होता. तरी त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. दोघंही रस्त्याकडे बघत बसले. एसटी आली, गेली. बाई दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या.

आणि फोन वाजला.

"मॅडम, रामनाथ बोलतोय. फोटो तुमीच टाकला ना? आळेफाट्याला उतरलोय, गावाकडची गाडी बघतोय." आवाज बसलेला होता. "शेवटी लई तरास झाला का वो त्यांना?"

गेणभाऊ दोन्ही हात हलवून खुणावत होते: सांगू नका, सांगू नका! पण पलीकडे माणूस रडत होता.

"रामनाथ, तुमचे वडील बरे आहेत. माझ्यासमोर बसलेत."

 पलीकडून एक लांब श्वास आला.

"जीव भांड्यात पडला मॅडम! लई बरं झालं!"

"मग या ना. वाट बघतायत ते."

"आता कशाला? इथनंच मागं फिरतो, दुसरी पाळी तरी मिळंल. बरे हायेत ना? मंग बास!"

फोन कटला.

"काय म्हनला?"

"खूप आनंद झाला त्यांना."

"त्यो तर व्हनारच. येतोय ना?"

बाईंनी उगाच पडद्यावर बोट फिरवलं. "आळेफाट्यापर्यंत आले होते."

गेणभाऊंनी बराच वेळ मान डोलावली.

"नुसत्या फोटोवर आळेफाट्यापतुर आला. म्हंजे खरंच मेलो तर घरापतुर येईल."