सात पानांचं बदक

पोरीनं घराण्याचं नाक कापलं होतं! सलग चौथ्या आठवड्यात शाळेतून तेच सात पानांचं बदकाचं पुस्तक घेऊन आली, आणि वर बाईंची चिठ्ठी. चिठ्ठी आजीनं शेजारणीकडून वाचून घेतली, "चष्मा कुठं ठेवलाय कोण जाणे" म्हणत. चष्मा नाकावरच होता. वाचनाच्या तासाला मुलगी सोपंच पुस्तक उचलते, सोमवारपासून कच्च्या मुलांत बसवते, असं बाईंनी लिहिलं होतं.

"चौथीतली घोडी, आणि बदक वाचते! आई असती तुझी, तर..." आजी तिथंच अडली. सून जाऊन वर्षही झालं नव्हतं. रोज संध्याकाळी नातीला कुशीत घेऊन वाचायची ती सून. हल्ली तिच्या जागी आजी बसायची, दुसरीपर्यंतच्या शिक्षणाच्या शिदोरीवर.

सोमवारी आजी थेट वर्गात!

"सरका बाई. पुस्तक मी निवडते. आजवर माझ्या हातनं भोपळासुद्धा किडका आला नाही घरात."

"आजी, वजनावर नसतं हो ते! मधलं पान उघडायचं. शब्द अडला की एक बोट मिटायचं. पाच मिटली की पुस्तक परत ठेवायचं."

"मला नका शिकवू!" म्हणत आजीनं पुस्तकांच्या मांडणीतलं सगळ्यात खालचं, सगळ्यात जाडजूड पुस्तक हिसकलं. मांडणीचा एक पाय आखूड होता, आणि तो त्याच पुस्तकावर उभा होता, हे बाई सांगेपर्यंत मांडणी दारुड्यासारखी झुकली आणि दोनशे पुस्तकं धडाधड खाली! पोरं आनंदानं किंचाळली. ढिगाऱ्यात फतकल मारून बसलेल्या आजीनं तो पुस्तकाचा ठोकळा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

"हेच! वाच गं!"

नातीनं मधलं पान उघडलं आणि घडाघडा वाचून काढलं. एकही बोट मिटलं नाही.

बाई बघतच राहिल्या. "अगं, मग दर आठवड्याला बदक का नेतेस?"

नात फरशीकडे बघत म्हणाली, "बदकाला आजीची दोनच बोटं मिटतात. दुसरं नेलं की पाच मिटतात. मग ती म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला. आणि आत जाऊन पडते. मग माझ्याजवळ बसायला कुणीच नसतं."

आजीनं चष्मा काढून खसाखसा पुसला. काचा कोरड्याच होत्या.

"लबाड कार्टे!" ती नातीवर डाफरली. "माझ्यापायी कच्च्यांत बसणार होतीस? अक्कल आहे का काही? हेच न्यायचं घरी. पान तू वाचायचंस, ओळ मी. मी कुठं उठून जात नाही. आणि हाताची बोटं संपली, तर पायाची दहा आहेत माझ्याकडे!"