दामूभावजींच्या हाताचा गुण

दामूभावजी धसईच्या बाजारात शिरले की लोक आपापल्या वस्तू झाकायचे. भावजी चोर नव्हते, लघुनिबंध लिहायचे. शाळेत मास्तर, आणि मुंबईच्या एका मासिकात नेमाने लेख. पण ज्यावर लिहीत ते टिकत नसे. शाळेपुढच्या फणसावर लिहिलं, फणस आडवा झाला. पोस्टमनवर लिहिलं, त्याची बदली झाली. माझ्या पिठाच्या गिरणीच्या आवाजावर लिहिलं, आणि अंक आला त्याच दिवशी पट्टा तुटला.

"योगायोग हो, वहिनी," ते म्हणायचे. तोंड मात्र उतरलेलं.

मी असलं काही मानत नाही. पट्टे तुटतातच. पण गावाला कोण सांगणार? कोंडाबाई भाजीवाली टोपलीवर पदर ओढून ओरडायची, "मास्तर, माज्या वांग्यांकडं बगू नका! त्या तलाठ्यावर लिवा ना, तो काय केल्या जात नाय!"

भावजींची बायको सिंधू उलट रुसलेली. "कावळ्यावर लिहितात, केरसुणीवर लिहितात. माझ्यावर एक ओळ नाय. मी केरसुणीहून वाईट काय गो, ताई?"

त्या वर्षी भात कापणीच्या सुमारास सिंधू खोकू लागली. खोकला हटेना. छातीचा फोटो काढायला कल्याणला न्यायचं ठरलं. शंका कसली ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्या रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं. भावजी तर बायकोकडे सरळ बघेनासे झाले. न जाणो, एखादं वाक्य सुचायचं.

निघायच्या आदल्या दिवशी ते गिरणीत आले आणि माझ्यापुढे कागद धरले. लेखाचं नाव होतं 'खोकला'.

मला कळायला एक क्षण लागला. "म्हणजे, लिहिल्याने हा जाईल?"

"बाकी सगळं गेलंच ना?" त्यांनी कागद माझ्या हातात दिले. "वहिनी, तुम्ही फक्त एवढं बघा. ती यात कुठं आली नाही ना?"

मी गिरणी बंद करून वाचायला बसले. भावजींचा इतका वाईट लेख मी कधी वाचला नव्हता. पानभर खोकला, आणि खोकणारं कोणीच नाही. एका ठिकाणी मात्र उबळ थांबल्यावर बांगड्या किणकिणल्या होत्या.

मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. अक्षर लागणार नाही इतकी, गिरवून गिरवून.