श्रीमंतचा तरवड आणि गोजाबाईची शेळी

एकोणीसशे एकोणतीस साली सोलापुरात झाडं ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे आपण, असं श्रीमंतचं ठाम मत होतं. गिरणीत मागावर उभं राहून दहा वर्षं झाली, तरी तो छाती ठोकून सांगायचा, "मी धनगराचं पोर हाय. माळावरचं पान न् पान मला वळखतं." खरी गोष्ट अशी, की सहाव्या वर्षी चुलत्यानं त्याला मंद्रूपच्या माळावरून शहरात आणलं, आणि तेव्हापासून त्यानं बघितलं ते चाळीपुढचं कडुलिंबाचं झाड. पण हे बायकोला कोण सांगणार?

बायको फुलाबाई. लग्नाला दोन वर्षं झाली, माहेरी एकदाही जाणं झालं नव्हतं. जाणार तरी कुठं? आईबाप राहिले नव्हते, आणि भाऊ मेंढरं घेऊन आज या शिवारात, उद्या त्या. माहेरच मेंढरांमागं चालत असेल तर माणसानं जावं कुठल्या गावाला? श्रावणात एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आमच्याकडं घटाला पैली माळ तरवडाची घालत्यात. पिवळीधमक. हितं बगायला बी मिळत न्हाय." एवढंच बोलली, पण हात परातीत तसाच थांबला. श्रीमंत म्हणाला, "दारात लावतो की. घट बसायच्या आत फुलं देतो."

रविवारी तो शहराबाहेरच्या माळावर गेला आणि त्याला घाम फुटला. सगळंच हिरवं! पण लहानपणची एक गोष्ट त्याला पक्की आठवत होती: तरवडाला शेळी तोंड लावत नाही. झालं! पुढच्या रविवारी त्यानं शेजारच्या गोजाबाईची शेळी मागून नेली. शेळी जे सोडेल ते तरवड.

आता गोजाबाईची शेळी चाळीत जन्मलेली. शिळी भाकरी, केळ्याच्या साली आणि भिंतीवरच्या जाहिराती खाऊन वाढलेली. माळ तिनं कधी बघितलाच नव्हता. पहिलंच रोप हुंगून तिनं तोंड फिरवलं. श्रीमंतनं आनंदानं तिला एका झुडपाला बांधलं आणि ते रोप मुळासकट खणून काढलं. तेवढ्यात शेळीनं आजूबाजूचं आणखी काय काय सोडलं, ते गड्यानं बघितलंच नाही. ती सगळा माळ सोडून त्याच्या धोतराचा सोगा चघळत घरी आली.

रोप दारात लागलं. रोज गिरणी सुटली की श्रीमंत तांब्या घेऊन पाणी घालायचा, आणि घालता घालता बोलायचा. बापाचं घोंगडं, मेंढरांच्या वाड्यावरची कुत्री, कोकरं कशी ओरडायची ते. आठवणी चार-पाचच, त्याच पुन्हा पुन्हा. फुलाबाई उंबऱ्यात बसून ऐकायची. रोप मात्र अंग धरेना. कोवळी पानं फुटायची आणि दोन दिवसांत नाहीशी व्हायची. त्याचा संशय शेळीवर. त्यावरून गोजाबाईशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं.

घट बसायच्या आदल्या दिवशी रोपाला चार बारकी पिवळी फुलं आली. श्रीमंतनं ती ओंजळीत घेऊन बायकोपुढं धरली. तिनं पदर तोंडाला लावला.

"आवं, ह्यो टाकळा हाय. तीनदा भाजी खाल्लीत की ह्याची."

आधी का नाही सांगितलंस, एवढंच श्रीमंतनं विचारलं.

"सांगितलं असतं तर पाणी घालायचं सोडलं असतंत. तुमी बोलाय लागला की मला माज्या बापाचा वाडा दिसायचा." आणि ती हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या भोंग्याआधी तीच त्याला माळावर घेऊन गेली. ज्या झुडपाला त्यानं शेळी बांधली होती, तेच पिवळंधमक फुललं होतं. फुलाबाईनं पाटीभर फुलं तोडली, बिया पदरात बांधल्या. घरी येऊन त्या दारात टोचल्या आणि नवऱ्याला बजावलं, की तरवडाला पाणी सोसत नाही, एक थेंबही घालायचा नाही.

संध्याकाळी श्रीमंत नुसताच दारात घुटमळत होता. तिनं आतून तांब्या आणून हातात दिला. रिकामा.

"पाणी नगं," ती म्हणाली. "बोला की."

तेव्हापासून रोज गिरणी सुटली की श्रीमंत कोरडा तांब्या वाकडा धरून उघड्या जमिनीशी तासभर बोलायचा. चाळ म्हणायची, मागाचा आवाज गड्याच्या डोक्यात गेला. गोजाबाई तर आपली शेळी त्याच्या दारासमोरून नेईनाशी झाली.