हौसाआत्यांची घरं

पौडच्या शाळेत शिकवायला म्हणून मी बाजारआळीत राहायला आले, तेव्हा ट्रंक उघडायच्या आत शेजारच्या हौसाआत्यांनी माझा हात धरला. पन्नाशीच्या, काटक, घरात एकट्याच.

“ट्रंक पळून जाती व्हय? चला, घरं बघू.”

माणसं नव्हे, घरं. संध्याकाळपर्यंत आम्ही सात पाहिली, सगळी मागल्या दारानं. “फुडचं दार पाव्हण्यांसाठी. घर मागनंच खरं बोलतं,” हे आत्यांचं ठरलेलं वाक्य. तांबोळ्यांच्या घरात शिरताच म्हणाल्या, “ह्ये लई लाजाळू हाय. उजेड सुदिक इचारून आत येतुया.” तांबोळ्यांची आमिना हसत चहा ठेवायला उठली, तोवर आत्या पुढच्या घरात. सुतारांचं घर त्यांच्या मते चिडकं, कारण तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं चौकटीवर आपटायचं. माझंही आपटलं. “झाली वळख,” आत्या म्हणाल्या.

मला तर जत्रेत फिरल्यासारखं वाटत होतं. पंधरा दिवसांत आळीतल्या चुली न् कोनाडे पाठ झाले.

मग नवे तलाठी आले. त्यांच्या घराचं मागलं दार सदा बंद. आत्यांना तीन दिवस चैन पडेना. चौथ्या दिवशी वाटी घेऊन, मला ओढत, त्या विरजण मागायला गेल्या. दार उघडताच थेट माजघरात. फडताळ पाहिलं, आढ्याकडं पाहिलं, जात्यावरून हात फिरवला, आणि वाटी तिथंच विसरून बाहेर. तलाठ्यांची बायको बघतच राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन ओट्यावर टेकल्यावर बोललेच, “आत्या, लोकांच्या घरात असं शिरू नये.”

आत्या समोरच्या आळीकडं बघत म्हणाल्या,

“बाई, आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तवा मी बारा वर्साची. आमचं घर ध्यानात हाय, मामाचं हाय. बाकीची भायेरनंच बघितल्याली. वाटायचं, घरं कुटं जात्यात? आता आठवाया बसलं की आळीभर नुसती बंद दारं दिसत्यात. आत चूल कुटं हुती, कोण कुटं निजायचं, कुणाला इचारू?”

मी विचारलं, “मामांचं घर कसं होतं?”

आत्यांनी ओट्यावरच्या धुळीत बोटानं ओसरी काढली. मग माजघर, मग उखळ. शेवटी चुलीपाशी एक बारका गोल काढला.

“हितं मामी बसायची,” म्हणाल्या, आणि बोट तिथंच ठेवून बसून राहिल्या.