आश्रुबा पहिलवानाची पाठ

आपल्याला हर्निया झालाय, हे आश्रुबा पहिलवानाने दोन वर्षं कबूलच केलं नाही. शेवटी आखाड महिन्यात बायकोने, बायनाबाईने, अंगणात उसाची मोळी आणून टाकली. "ही उचलून दाखवा, न्हाईतर दवाखान्यात चला. दिवाळीनंतर ऊसतोडीला मी एकटी जाऊ व्हय? नवरा-बायकोच्या जोडीबिगर कोन नेतंय?"

मोळी गुडघ्यापर्यंत आली आणि पहिलवान मटकन खाली बसला. चार दिवसांनी दोघं पाटोद्याच्या एका दवाखान्यात हजर झाली.

ऑपरेशनच्या टेबलावर घोडं अडलं. "उताणे झोपा," भूल देणाऱ्या डॉक्टर सायली म्हणाल्या.

"जमनार न्हाई. चाळीस साल झाले, जत्रंच्या फडात ही पाठ कुनी टेकवली न्हाई. आता आपनहून टेकवू?"

"मग बसा तसेच. पाठीत सुई देते."

सुई पाहताच पहिलवानाचा चेहरा उतरला. "सुई म्हंजे चोरटा डाव झाला बाई. समोरून या!"

जेमतेम पाच फुटांच्या सायलीबाईंनी मास्क उचलला. "समोरून आले. हा सेवोफ्लुरेन गॅस. वास गोडसर, घशाला झोंबत नाही. लहान लेकरांनाही यानंच झोपवतो. दहापर्यंत मोजा. बसून राहिलात तर खुशाल घरी जा. झोपलात तर ऑपरेशन."

"लेकरांचा गॅस!" आश्रुबा खदखदून हसला, मास्क लावून घेतला आणि श्वासच कोंडून बसला. गडी बेरकी. अर्धं मिनिट गेलं, पाऊण गेलं. डोळे तांबारले.

"मोठ्यानं मोजा की," बाई शांतपणे म्हणाल्या. "दाराबाहेर बायनाबाई कान लावून बसल्यात."

आता मोजायचं तर श्वास घ्यावा लागणार, आणि एवढा वेळ कोंडलेला माणूस घेणार तो छातीभरून. "एक! दोन! तीन!" चारला आवाज घसरला, पाचला मान कलली. सहाला दोन सिस्टरांनी मागून धरून चाळीस वर्षांची पाठ अलगद टेबलाला लावली.

ऑपरेशन झालं, गॅस बंद झाला. या गॅसची झोप लवकर येते, तशी उतरतेही लवकर. डोळे उघडायच्या आत पहिलवान ओरडला, "सात! आठ! नऊ! धा! जितलो!"

बायनाबाईने सायलीबाईंना बाजूला ओढलं. "पाया पडते बाई, खरं सांगू नका. हरलो म्हनून कळलं तर टाके काढायला बी फिरकायचे न्हाईत. पट्टी कशाची इचारलं तर झटापटीत लागलं म्हनते मी."

आठव्या दिवशी पहिलवान आला तो फेटा बांधून, दहा-बारा गाववाले आणि हलगी घेऊन. टाके काढायला नव्हे, सत्काराला! बाईंनी नारळ दिला आणि आत नेऊन गुपचूप टाके काढले.

शर्टाची बटणं लावता लावता आश्रुबाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमी जितल्या. सहा आन सातच्या मदी ते ऑपरेशनच्या खोलीतलं घड्याळ दीड तास म्होरं गेलतं, पाहिलं मी. पर बायनाबाईला सांगू नका. आपला पहिलवान हरला म्हनल्यावर तिला लई लागंल."

बाहेर बायनाबाई पेढे वाटत होती. तिने धास्तावून विचारलं, "काय म्हनले आत?"

सायलीबाईंनी दोघांकडे पाहिलं, पेढा तोंडात टाकला आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पहिलवान जिंकले!"

हलगी पुन्हा कडाडली.