गॅस बंद केला का?

घड्याळजींना दहा वाजता बाहेर पडायचं होतं. पावणेअकरा झाले तरी ते दारातच होते, हातात मोबाइल धरून.

बायको होती तेव्हा ते निघाले की ती दारात आडवी उभी राहायची. "गॅस बंद केला का? चष्मा? पाकीट? किल्ली?" चाळीस वर्षं ही उलटतपासणी चालली. ती गेली आणि वर्षभरात घड्याळजी तीनदा किल्ली आत विसरून बाहेर अडकले. दार ओढलं की आपोआप बंद होणारं. तिसऱ्या वेळी मुलीने निक्षून सांगितलं, "बाबा, आता एकदा जरी असं झालं ना, तर हे घर बंद. तुम्ही माझ्याकडे राहायचं."

घर सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्यांनी वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं आणि तीन महिने डोकं खाजवून मोबाइलचं ॲप लिहिलं. तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. 'हो' दाबलं की पुढचा प्रश्न.

आज पहिला दिवस. पडद्यावर आलं, 'गॅस बंद केला का?' त्यांनी 'हो' दाबलं. पुन्हा आलं, 'गॅस बंद केला का?'

घड्याळजींना यात काही वावगं वाटलं नाही. तीसुद्धा दोनदा विचारायची. ते चपला काढून आत गेले, गॅस बघून आले, 'हो' दाबलं. पुन्हा तेच. सहाव्या फेरीनंतर मात्र त्यांचा तोल गेला. "अगं, केला म्हटलं ना बंद! किती वेळा सांगायचं तुला?"

समोरच्या काकूंनी हे ऐकलं आणि तडक मुलीला फोन लावला. "आहेस तशी ये गं. बाबा तुझ्या आईशी भांडतायत."

मुलगी धापा टाकतच आली.

"बाबा, कोणाशी बोलत होतात?"

"ॲपशी. हट्टी आहे मेलं."

मुलीच्या जिवात जीव आला. नोकरीत दिवसभर ती ॲपमधल्या चुकाच शोधायची. त्यांचा लॅपटॉप उघडून तिने ॲपच्या ओळी वाचल्या आणि हसत सुटली. "प्रश्न फिरवणारा लूप बरोबर लिहिलात, पण प्रश्नाचा नंबर वाढवायचाच विसरलात. तो जन्मभर पहिलाच विचारत बसणार."

"म्हणजे चाक फिरतंय, पण काटा सरकत नाही."

"अगदी तेच!"

घड्याळजींनी एका बोटाने राहिलेली ओळ घातली. मुलीने मोबाइल घेतला आणि त्यांना घेऊन दाराबाहेर आली. "गॅस? हो. चष्मा? हो. पाकीट? हो. किल्ली? हो. बाबा, तुम्ही पास!" आणि खुशीत तिने दार ओढलं.

खट्.

"किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

"'हो' तू म्हणालीस. मी नाही."

कुलूपवाला यायला तासभर होता. दोघं जिन्यात बसली.

"आई असताना असं कधी कसं झालं नाही हो?"

"ती नुसतं 'हो' कुठे ऐकून घ्यायची? किल्ली वाजवून दाखवावी लागायची."

मुलीने ओढणीने डोळे टिपले. घड्याळजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू एकटी राहतेस, बाळ. मला काही हे ठीक वाटत नाही. तूच माझ्याकडे राहायला ये."